पाठ झालेली सूरा आणि पोत्यातली ओली मिरची

पत्र थोडक्यात असं आहे: "आपा, अस्सलामु अलैकुम. मी निपाणीजवळच्या एका गावात राहते, बी.एड. झालंय पण आलिमा नाही, म्हणजे दीनचं रीतसर शिक्षण नाही. आमच्या मशिदीच्या जमातीनं संध्याकाळच्या मक्तबसाठी (कुराण शिकायच्या वर्गासाठी) तीन वर्षांचा सिलॅबस करायला मला सांगितलंय, ६ ते १४ वर्षांची ३८ पोरंपोरी आहेत, घरात दखनी बोलतात, शाळा कुणाची मराठी, कुणाची कन्नड, कुणाची उर्दू. अकरा वर्षांचा एक पोरगा किरअतच्या (कुराण सुरात म्हणायच्या) स्पर्धेत पहिला आला, सूरा हुमजा (सूरा म्हणजे कुराणाचा अध्याय) तो इतकी सुंदर म्हणतो की डोळ्यात पाणी येतं, आणि तोच पोरगा वर्गातल्या अडखळत बोलणाऱ्या पोराला 'तोतऱ्या' म्हणून रोज रडवतो. मग मी अखलाकचा, म्हणजे चांगल्या वागण्याचा, वेगळा तास ठेवू का? त्याला मार्क ठेवू का? पुस्तक कुठलं घेऊ? बुजुर्ग म्हणतात आधी कुराण पुरं होऊ दे, आईबाप म्हणतात शाळेचे मार्क कमी होतील. मला काहीच सुचत नाहीये."

वालेकुम अस्सलाम बेटा. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या किरअतवाल्या पोरापाशीच थांबले, कारण तू विचारलंयस त्या सगळ्याचं उत्तर त्या पोरातच आहे. सूरा हुमजाची पहिली आयत (वचन) काय आहे बघ, टोमणे मारणाऱ्याची, पाठीमागं नावं ठेवणाऱ्याची बरबादी आहे, एवढं स्पष्ट. म्हणजे जे करू नये म्हणून ती सूरा उतरली तेच तो पोरगा सूरा म्हणून खाली बसल्यावर पाच मिनिटांत करतोय, आणि त्यात त्याची चूक मला तरी फार दिसत नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही की बाळा हे तुझ्याबद्दल पण आहे. आपण त्याला आवाज दिला, मखरज (अक्षराचा नेमका उच्चार) दिला, कुठं ओढायचं कुठं थांबायचं ते दिलं, मतलब द्यायचा राहून गेला.

मी हे लांबून बोलत नाही. मराठी शाळेत गणित शिकवून रिटायर झाले आणि त्याच्या कितीतरी आधीपासून संध्याकाळी घरच्या सोप्यात गल्लीतल्या पोरींना, पुढं पोरांना पण, नाझरा, म्हणजे कुराण बघून वाचायला, शिकवत आले. पहिली सात-आठ वर्षं माझा पण हिशेब एकच होता, कुणाचे कुराणाच्या तीस भागांतले किती पारे झाले. आई भेटली की मी पारे सांगायची, आई खुश, मी खुश. ते पारे वाया गेले असं मी कधीच म्हणणार नाही, अल्लाहचा कलाम तोंडात असणं ही स्वतःच एक दौलत आहे, पण ती दौलत ट्रंकेत ठेवून किल्ली पोरांना न देणारे आम्हीच होतो.

तर अखलाकचा वेगळा तास ठेवू नकोस. वेगळा तास ठेवला की पोरांच्या डोक्यात असं बसतंय की खरं बोलणं हा गुरुवारचा विषय आहे, शुक्रवारी सुट्टी. आणि पुस्तक शोधत पण फिरू नको, सिलॅबस तुझ्या पोरांच्या तोंडात आधीच आहे की! अम्म पारा घे, तिसावा पारा, ७८ नंबरच्या सूरेपासून ११४ पर्यंत ३७ सूरा, हाच पारा सगळ्या मक्तबात सगळ्यात आधी पाठ करून घेतात, आणि बघ त्यात काय काय आहे. सूरा माऊन, सात छोट्या आयती, यतीमाला (पोरक्या पोराला) धक्के मारणारा, गरिबाच्या जेवणाचं नाव न काढणारा, नमाजेत गाफील राहून दिखावा करणारा आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तू सुद्धा न देणारा, हे सगळे एकाच ओळीत उभे केलेत, म्हणजे नमाज आणि शेजारणीला द्यायची परात यांचा हिशेब एकाच वहीत. सूरा दुहामध्ये यतीमावर जोर करू नको, मागणाऱ्याला झिडकारू नको. हुमजा तर झालीच. आणि सूरा अबस, तिच्यावर तर माझा फार जीव आहे. हजरत इब्ने उम्मे मक्तूम डोळ्यांनी अंध होते, काहीतरी शिकायला म्हणून आले, त्या वेळी पैगंबर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम मक्केच्या बड्या लोकांशी बोलत बसले होते, कपाळाला आठी पडली, आणि त्या आठीवर आयत उतरली. आता विचार कर, ज्यांच्यासाठी ती आठी पडली त्यांना ती दिसली पण नव्हती. पैगंबर साहेबांनी ही आयत लपवली नाही, सगळ्यांना ऐकवली, आज तुझी सहा वर्षांची पोरं ती पाठ म्हणतात. ही गोष्ट मी सांगते तेव्हा वर्गात चिडीचूप होतंय, दर वेळी.

हेच जमातीच्या बुजुर्गांना सांगायचं. त्यांच्यापुढं "नवीन सिलॅबस" हा शब्दच काढू नको, ते बिथरतील आणि त्यांचं पण चूक नाही, पोरांना कुराण यावं म्हणून त्यांनी पावत्या फाडून मक्तब चालवलंय. त्यांना म्हण, चाचा, मी एक पण नवीन पुस्तक आणत नाही, जे पाठ होतंय त्याचाच मतलब सांगणार. आणि जुम्याच्या (शुक्रवारच्या) खुत्ब्याची, म्हणजे प्रवचनाची, आठवण करून दे. दर जुम्याला खुत्ब्याच्या शेवटी इमामसाब सूरा नहलची ९० वी आयत म्हणतात, इन्नल्लाह यअमुरु बिल अद्लि वल इहसान, अल्लाह इन्साफाचा, भलाईचा, नातेवाइकांना देण्याचा हुकूम करतो, बेशरमीपासून, वाईट कामापासून, जुलमापासून रोखतो. चाळीस-चाळीस वर्षं ही आयत ऐकणारे लोक आपल्या गावात आहेत, त्यातल्या किती जणांना ती दखनीत किंवा मराठीत सांगता येईल? हे कुणाला खजील करायला विचारू नको, प्रेमानं विचार. मी विचारलं होतं तेव्हा एक म्हातारे बाबा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, आमाला बी शिकव की मग.

आता वेग. सहाबांबद्दल, म्हणजे पैगंबर साहेबांच्या सोबत्यांबद्दल, असं येतंय की ते दहा आयती शिकायचे आणि त्यातलं समजून घेऊन, अंगात आणून मगच पुढं जायचे. आपल्याकडं उलटं चाललंय, पोरगं सहा महिन्यांत कायदा (अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक) संपवून पाऱ्यावर आलं की मिठाई. तू तुझे तास मोज, मी गणिताची बाई आहे म्हणून हे आधी सांगते. आठवड्याला पाच दिवस एक तास धरला आणि रमजान, शाळेची परीक्षा, उरूस, लग्नसराई, पावसाळ्यात लाइट नसल्याचे दिवस काढले तर वर्षाचे ४० आठवडे हातात राहतात, म्हणजे २०० तास. त्यातली रोजची १५ मिनिटं मतलबाला दिलीस तर वर्षाला ५० तास. एवढ्यात बाराच गोष्टी बसतात बघ, एका गोष्टीला तीन आठवडे. तीन वर्षांत ३६. कमी वाटतील, पण मी म्हणते ३६ गोष्टी खऱ्याखुऱ्या अंगात उतरल्या तर ते पोरगं लग्न होऊन गेलं तरी त्यावर जगेल. बाकीची ४५ मिनिटं नाझरा, तजवीद (उच्चाराचे नियम), दुआ, नमाजेची तयारी आहे तशीच राहू दे, म्हणजे बुजुर्गांचं पण काही अडत नाही. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडं सरकतो, त्यामुळं वर्षाचं प्लॅनिंग शाळेच्या कॅलेंडरवर एकदाच करून ठेवू नको, दर वर्षी नव्यानं बस. आणि एसएसएलसीच्या (दहावीच्या) पोरांना परीक्षेआधी दीड महिना सुट्टी देऊन टाक, आईबापांची निम्मी तक्रार तिथंच मिटते.

तीन आठवडे एका गोष्टीवर काय करायचं असं विचारशील, तर एक प्रसंग सांगते, तो सगळा सांगते कारण त्यात मी पण चुकले होते.

माझ्याकडं दहा वर्षांचा एक मुलगा होता, घरी मिरचीचा धंदा, संकेश्वरी मिरची पोत्यानं घ्यायची आणि आठवडी बाजारात किलो-अर्धा किलोनं विकायची. सूरा मुतफ्फिफीन चालू होती. दुसऱ्याकडून घेताना पुरेपूर मापून घेतात आणि देताना माप मारतात त्यांची बरबादी, असा मतलब सांगितला आणि घरातला जुना तराजू काढला. एका पारड्याला खालून मेणानं दोन चिंचोके चिकटवले, पोरांना काही सांगितलं नाही, आणि दोन्हीकडं शेंगा घालून म्हटलं मोजा. पोरं मोजतायत, काटा बरोबर मध्ये येतोय, सगळे म्हणतात बरोबर आहे आपा. मग एका पोरीला म्हटलं दोन्हीकडच्या शेंगा हातानं मोज. एकीकडं चार शेंगा कमी भरल्या. ती पारडं उलटं करून बघायला लागली आणि चिंचोके दिसल्यावर जो गलका झाला! मराठीत आपण म्हणतो ना, अमका तमक्याच्या पासंगाला पुरत नाही, तो पासंग म्हणजे काय हे त्या पोरांना त्या दिवशी कळलं, आणि सूरेतलं पण.

पण हा मिरचीवाला मुलगा हसला नाही. सगळे गेल्यावर थांबला आणि म्हणाला, "आपा, हमारे दादा मिरची कू पानी मारते, वो बी इसमेच आता क्या?"

मला उत्तर माहीत नव्हतं. उद्या सांगते म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका जुन्या व्यापाऱ्याला विचारलं. ते म्हणाले, मिरची एकदम कडक वाळली की पोत्यात भरताना तुटते, बी सांडतं, नाकातोंडात जातंय, म्हणून हलकासा शिपका मारतात, ही धंद्याची रीत आहे, पण खालच्या थराला भरपूर पाणी मारून वर सुकी पसरणारे पण आहेत, ते वजनासाठी. म्हणजे पाणी तेच, नियत वेगळी. मग वर्गात मी सहीह मुस्लिम या संग्रहातली ती हदीस (पैगंबर साहेबांचं बोलणं-वागणं सांगणारी आठवण) सांगितली, पैगंबर साहेब बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते, विचारतात हे काय, विकणारा म्हणतो पाऊस लागला होता, तर ते म्हणतात मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, जो फसवतो तो आमच्यातला नाही. बघ, पाऊस लागला हा गुन्हा नाही, ते मानलंच की त्यांनी. ओल लपवली हा गुन्हा. पोरांनी हे इतक्या पटकन धरलं की मला वेगळं काही सांगावं लागलं नाही, एक पोरगी म्हणाली म्हणजे वहीत चुकलेलं पान फाडून टाकलं तर ते पण ओलं खाली ठेवल्यासारखंच की.

इथपर्यंत सगळं छान. तिसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील दारात. मुलानं घरी जाऊन जेवताना सगळ्यांपुढं आजोबांना विचारलं होतं, दादा, तुमी ओली मिरची खाली का ठेवताय? वडील मला म्हणाले, "आपा, पोराला शिकायला पाठवलंय, घरात पोलीस करून परत पाठवू नका." मी उलट बोलायला तोंड उघडलं होतं, पण गप्प बसले, कारण त्यांच्या बोलण्यात दम होता. जी शिकवण आईबापांपुढं "उफ" सुद्धा म्हणू नको म्हणते, सूरा बनी इस्राईल, २३ वी आयत, तीच शिकवण मी त्या पोराच्या हातात आजोबांना मारायचा दगड म्हणून दिली होती. मुलगा दोन आठवडे आला नाही. मग आला. मिरचीचं मी त्याला पुढं कधी विचारलं नाही आणि मिरची मात्र त्यांच्याकडूनच घेत राहिले.

तेव्हापासून माझ्या वर्गाचा नियम एकच, प्रत्येक धडा स्वतःच्या हातापुरता. तुझ्या हातात तराजू कधी असतो? भावाला अर्धं बिस्कीट देताना असतो, दुकानात सुटे पैसे जास्त परत आले तर असतो, क्रिकेटमध्ये अंपायर झालास तर असतो. तिथं काय करणार सांग, आणि बाकी कुणाचं नाव वर्गात घ्यायचं नाही, घरचं तर नाहीच नाही. हा नियम तू पहिल्याच दिवशी भिंतीवर लाव, मला तो उशिरा सुचला.

भाषेचं तू जास्त टेन्शन घेतलंयस. मतलब त्या भाषेत सांग ज्या भाषेत पोरगं भांडतं. तुझ्याकडं बहुतेक दखनी आणि मराठीच असेल, दोन-चार पोरं कन्नडवाली असतील तर मोठ्या पोरीकडून त्यांना कन्नडमध्ये सांगून घे, तिचं पण पक्कं होतंय. आणि एक गंमत पोरांना दाखव, कुराणातले कितीतरी शब्द आपल्या मराठीत आधीच राहायला आलेत. इमान, हक्क, जुलूम, हिशेब, वजन, वारस. सब्रची सबुरी झाली, अमानतची अनामत झाली, शाळेत फीबरोबर अनामत रक्कम भरतो तीच. आणि तालीम! आपल्या भागात तालीम म्हटलं की लाल माती, लंगोट, जोर-बैठका, आणि अरबीत तालीम म्हणजे शिकवणं. मला तर आपला अर्थ जास्त आवडतो, जे रोज अंगानं केल्याशिवाय येत नाही ते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सूरा रूमची २२ वी आयत नक्की घे. आसमान-जमीन बनवणं आणि तुमच्या बोलींचं, रंगांचं वेगवेगळं असणं ह्या अल्लाहच्या निशाण्या आहेत, असं त्यात आहे. १ नोव्हेंबर आला की आपल्याकडं काय होतंय तुला सांगायला नको, एका गल्लीत कर्नाटक राज्योत्सव, दुसऱ्या गल्लीत मराठीवाल्यांचा काळा दिन, आणि पोरं मोठ्यांचं ऐकून एकमेकांना भाषेवरून काय काय बोलतात. मोठ्यांचा वाद हक्काचा आहे, तो वर्गात आणू नको, कुणाची बाजू घेऊ नको, पण कन्नड बोलणाऱ्या पोराच्या बोलीची नक्कल करून हसलात तर अल्लाहच्या निशाणीवर हसलात, एवढं सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे. जमलं तर एकदा पोरांना बेळगावच्या किल्ल्यात ने, एकाच किल्ल्यात कमल बस्ती (जैन मंदिर) पण आहे आणि सफा मशीद पण, दोन्हीतलं दगडाचं काम शांतपणे बघू दे, वर भाषण देऊ नको.

दुसऱ्या वर्षी सूरा लुकमान आणि सूरा हुजुरात. लुकमाननी मुलाला केलेली नसीहत १२ ते १९ आयतींत आहे, त्यात राईच्या दाण्याएवढी गोष्ट खडकात असली तरी अल्लाह ती आणेल, असं आहे. मूठभर मोहरी घेऊन जा, प्रत्येकाच्या तळहातावर एकच दाणा ठेव आणि तो न सांडता मशिदीला एक फेरी मारायला लाव, मग आयत सांग. फोन वापरणाऱ्या मोठ्या पोरांना हुजुरातची सहावी आयत, खबर आली की आधी पडताळा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान करून बसाल आणि पस्तावाल, व्हॉट्सअपचा फॉरवर्ड पुढं ढकलायच्या आधी हीच. अकरावीत टोपणनावं ठेवू नका, बारावीत गीबत (पाठीमागं वाईट बोलणं) नको, तेरावीत तुम्हाला कौमा-कबिल्यांत बनवलं ते एकमेकांना ओळखावं म्हणून. अठराच आयतींची सूरा, पण मी तिच्यावर अख्खं वर्ष काढलेलं आहे.

शेजाऱ्याची हदीस इथंच बसव, रस्सा केला तर पाणी थोडं जास्त घाल आणि शेजाऱ्याला दे. मी ही सांगितली तर एक मुलगी लगेच म्हणाली, आपा, आमच्या शेजारच्या जैन काकूंना रस्सा चालत नाही. किती बरं वाटलं मला! कारण तिनं हदीस खरंच आपल्या भिंतीपलीकडं लावून बघितली. मग वर्गातच ठरलं, त्यांना केळी, पेरू, ईदला बिनशिजवलेल्या शेवयांचं पाकीट. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र या सहाबींच्या घरी बकरी कापली तर त्यांनी आधी विचारलं होतं, आपल्या यहुदी शेजाऱ्याला दिलंत का? शेजारी म्हणजे फक्त आपल्यातला असं समजणाऱ्या पोरांना ही गोष्ट अवश्य सांग.

तिसरं वर्ष मोठ्यांचं, १२ च्या पुढच्यांचं, आणि इथं तुला धीर लागेल. कर्जाची लिखापढी, सूरा बकराची २८२ वी आयत, कुराणातली सगळ्यात लांब आयत, आणि ती उधारी लिहून ठेवा, साक्षीदार घ्या याबद्दल आहे, पोरांना हे कळल्यावर आश्चर्य वाटतंय की एवढी मोठी आयत उधारीवर! मजुराचा घाम सुकायच्या आत मजुरी द्या, ही इब्ने माजा या संग्रहातली हदीस. तुझ्या भागात कितीतरी पोरांच्या आया बिड्या वळतात, हजाराचा दर काय आणि वाईट म्हणून किती बिड्या बाजूला काढल्या जातात हे पोरांनी घरात बघितलेलं असतंय, त्यांना घाम या शब्दाचा अर्थ समजावायला लागत नाही. उद्या यातलंच कुणी मुकादम होईल, कुणी मालक होईल. आणि सूरा निसाची सातवी आयत, आईबाप जे मागं ठेवतात त्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि बायकांचा पण हिस्सा आहे, थोडं असो की जास्त. आपल्याकडं बहिणीला साडी नेसवून, जेवायला घालून हक्कसोड पत्रावर सही घेतात आणि ते सगळ्या समाजांत चालतंय. बहिणीनं माहीत असून राजीखुशीनं सोडलं तर तिची मर्जी, पण आपण काय सोडतोय हेच तिला माहीत नसेल तर ती राजीखुशी कसली? १४ वर्षांच्या पोरीला एवढं तरी माहीत असून ती मक्तबमधून बाहेर पडली पाहिजे, आणि पोरांना तर आधी. यावर ओरड होईल, जमातीतल्या कुणाच्या तरी घरात तो कागद असणारच. इमामसाबांना आधी विश्वासात घे, हा धडा त्यांच्याच तोंडून होऊ दे, तू शेजारी बस.

तू आलिमा नाहीस हे मला चांगलंच वाटलं, कारण तू ते लपवलं नाहीस. ज्याचं इल्म (ज्ञान) नाही त्याच्या मागं लागू नको, हे पण सूरा बनी इस्राईलमध्येच आहे, ३६ वी आयत. भरवशाचा एक तर्जुमा (भाषांतर) आणि एक तफसीर (अर्थ उलगडून सांगणारं पुस्तक) समोर ठेव, आठवड्याचं आधी इमामसाबांना किंवा हाफिजजींना दाखव, मनानं फतवा देऊ नको, पोरानं अडवलं तर "उद्या विचारून सांगते" म्हण आणि उद्या खरंच सांग. तुझी बी.एड. इथं कामाला येते, कुठलं कुठल्या वयाला द्यायचं हे तुला कळतंय.

मार्क मात्र अजिबात नको. पाठाला ठेव, तजवीदला ठेव, खरेपणाला ठेवू नको. मी एका वर्षी चांगल्या कामाला स्टार द्यायचे, तर पोरं एकमेकांची पेन्सिल लपवून परत सापडवून द्यायला लागली. माऊनमध्ये दिखाव्याचं जे आहे ते मीच शिकवत होते की तिथं. स्टार बंद केले. त्याऐवजी मी आता बाहेर चपलांकडं बघते. मक्तब सुटताना ३०-४० जोड्या एकमेकांवर पडलेल्या असतात, कुणी ढकलून आपली ओढतंय, कुणी दुसऱ्याची चुकून पायाखाली आलेली सरळ करतंय, कुणी सगळ्यात छोट्या पोराची शोधून त्याच्यापुढं ठेवतंय, आणि आपण बघतोय हे त्यांना माहीत नसतंय. काय उतरलं, काय नाही, ते मला तिथं कळतंय.

आणि छडी. तू लिहिलं नाहीस पण मक्तब म्हटलं की ती कोपऱ्यात असतेच, म्हणून लिहिते. ती पहिल्या दिवशी बाहेर टाक. हजरत मुआविया बिन हकम नवीन होते, नमाजेत कुणी शिंकलं तर ते मोठ्यानं दुआ देऊन बसले, लोकांनी डोळे वटारले, मांड्यांवर हात मारले. नमाज झाल्यावर पैगंबर साहेबांनी समजावलं, आणि हे सहाबी पुढं सांगायचे की त्यांच्यापेक्षा चांगला शिकवणारा मी आधी पाहिला नाही, नंतर नाही, ना ओरडले, ना मारलं, ना वाईटसाईट बोलले. इतिहासकार इब्ने खल्दूननी १३७७ साली मुकद्दिमा या ग्रंथात लिहून ठेवलंय की मारून शिकवलेलं पोरगं खोटं बोलायला आणि लबाडी करायला शिकतंय. मी पण एकदा सबक आला नाही म्हणून एका मुलीच्या हातावर छडी मारली आहे. नंतर कळलं की रात्री बारापर्यंत ती आईबरोबर बिड्या वळत बसली होती, बोटं आधीच सोललेली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गापुढं तिची माफी मागितली, पण तो हात मला अजून दिसतो.

आता तुझी ती दोन पोरं. किरअतवाल्याला सगळ्यांपुढं हुमजाचा अर्थ सांगून पाडू नको, मग तू पण तेच केलंस. सगळ्या वर्गाला तीन आठवडे हुमजा शिकव, त्याच्याकडं न बघता. आणि अडखळणाऱ्या पोराला सूरा ताहामधली हजरत मूसांची दुआ शिकवायला घे, रब्बिशरह ली सद्री, व यस्सिर ली अम्री, वह्लुल उक्दतम मिल्लिसानी, यफ्कहू कौली. माझ्या जिभेची गाठ सोड म्हणजे लोकांना माझं बोलणं समजेल, असं एक पैगंबर मागतायत, फिरऔनपुढं (मिसरच्या जुलमी बादशाहापुढं) जायच्या आधी. आणि सोबतीला ते भावाला मागून घेतात, हारूनची जबान माझ्यापेक्षा साफ आहे म्हणून, ते सूरा कससमध्ये येतंय. ही गोष्ट वर्गाला सांग. बुखारी-मुस्लिममधली हदीस पण सांग, जो कुराण अटकत-अटकत, कष्टानं वाचतो त्याला दुप्पट अज्र (पुण्य) आहे. मग किरअतवाल्याला एकट्याला बोलाव आणि म्हण, तुझी जबान साफ आहे, ही दुआ त्याला तू शिकव, तो थांबला तर थांबायचं, त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही.

दोघांना एका चटईवर बसव आणि पहिले आठ दिवस तिकडं जाऊ नको. नाही जमलं तर मला परत लिही. जमलं तरी लिही, आणि त्या पोरानं दुआ पहिल्यांदा एकट्यानं म्हटली तेव्हा कुठल्या शब्दावर थांबला आणि शेजारच्यानं किती वेळ वाट बघितली, तेवढं आठवणीनं लिही.